काम दिवसा, गेम रात्री: एकाच टेबलासाठी मॉनिटर कसा निवडावा

मी दिवसभर मराठी मजकूर तपासते आणि रात्री जमेल तसा तास-दोन तास गेम खेळते. माझा पहिला गेमिंग मॉनिटर मी त्या रात्रीच्या तासाकडे बघून घेतला होता. २७ इंच, वक्र, १६५ हर्ट्झ, खोक्यावर लाल प्रकाशात न्हालेला ड्रॅगन. दुसऱ्या दिवशी कामाला बसले आणि समोर 'द्ध' आहे की 'द्व', हेच कळेना. 'ष' आणि 'प' यांच्यातली तिरकी रेघ नुसती राखाडी धूळ वाटत होती. आधी फाँट बदलला, मग चष्म्याचा नंबर तपासून घेतला. नंबर तोच होता. मॉनिटर वाईट नव्हता, माझ्या कामाचा नव्हता एवढंच.

त्यानंतर दोनदा मॉनिटर बदलले, पाच जणांना निवडून दिले. त्यातून जे हाती लागलं ते क्रमाने लिहिते. क्रम मोडू नका. बहुतेक जण मॉडेलच्या नावापासून सुरुवात करतात आणि मग त्याला साजेशी कारणं शोधत बसतात.

सुरुवातीला हाताशी ठेवा

- मोजपट्टी.
- तुमच्या ग्राफिक्स कार्डाचं नेमकं नाव. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर दिसतं.
- कंप्युटरच्या पोर्टची यादी, आवृत्तीसकट. पोर्टच्या आकारावरून आवृत्ती कळत नाही. कार्डाचं किंवा लॅपटॉपचं तांत्रिक पत्रक उघडावं लागतं.
- कागद आणि पेन, पहिल्या पायरीसाठी. पेन्सिल असेल तर ती शेवटच्या पायरीतही लागेल.

१. आधी तासांचा हिशेब मांडा

गेल्या आठवड्यात किती तास अक्षरं आणि आकडे बघितले, किती तास गेम, किती तास व्हिडिओ, ते खरं खरं लिहा. आठवड्यात ४५ तास अक्षरं आणि ८ तास गेम असतील, तर तुम्हाला कामाचा मॉनिटर हवा आहे. गेम त्यावर पाहुणा म्हणून येईल. उलट असेल तर उलट. दोन्ही बाजू सारख्या निघाल्या तर मी अक्षरांच्या बाजूने कौल देते. गेममधली थोडी धूसर हालचाल खेळाच्या नादात विसरली जाते, धूसर अक्षर मात्र दुपारी तीन वाजता डोक्यात ठणकू लागतं.

गेम कुठल्या जातीचे, हेही लिहा. स्पर्धेचे शूटर खेळत असाल तर वेग लागतो. कथेचे, डोंगरदऱ्यांतून भटकण्याचे गेम असतील तर रंग आणि काळोख महत्त्वाचे. हे दोघं वेगवेगळ्या पॅनेलकडे, म्हणजे पडद्याच्या प्रकाराकडे, बोट दाखवतात.

२. टेबल मोजा, मग इंच ठरवा

नेहमीसारखं बसा आणि डोळ्यापासून स्क्रीन जिथे असेल तिथपर्यंतचं अंतर मोजा. पुढे वाकून नाही, पाठ टेकून. मॉनिटरचा स्टँडही टेबलाची बरीच खोली खातो, तेवढं वजा करा.

आता एकच आकडा समजून घ्या: पीपीआय, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल बसतात. नुसतं रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवरचे आडवे-उभे पिक्सेल, काही सांगत नाही आणि नुसते इंचही नाहीत. दोघांचं लग्न लागलं की पीपीआय जन्माला येतो. नेहमी समोर येणाऱ्या जोड्या अशा (यातल्या १९२०×१०८० ला पुढे १०८०पी म्हटलंय, २५६०×१४४० ला १४४०पी आणि ३८४०×२१६० ला ४के):

- २४ इंच, १९२०×१०८०: सुमारे ९२
- २७ इंच, १९२०×१०८०: सुमारे ८२
- २७ इंच, २५६०×१४४०: सुमारे १०९
- ३२ इंच, २५६०×१४४०: सुमारे ९२
- ३२ इंच, ३८४०×२१६०: सुमारे १३८
- २७ इंच, ३८४०×२१६०: सुमारे १६३

८७०० ला पीपीआयने भागा. जे उत्तर येईल ते सेंटिमीटरमधलं अंतर. त्याहून लांब बसलात तर चांगल्या नजरेलाही सुटे पिक्सेल सहसा दिसत नाहीत. ८२ पीपीआयला ते १०६ सेंटिमीटर येतं. मी बसत होते ६५ वर. 'द्ध'चं कोडं तिथेच सुटलं. १०९ ला हेच अंतर ८० सेंटिमीटर आणि १६३ ला साधारण ५३.

देवनागरी वाचणाऱ्यांनी इथे जरा जास्तच कडक राहावं. रोमन अक्षर थोड्या पिक्सेलांत भागतं. आपल्याकडे त्याच ओळीत वर रफार आणि अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. अनुस्वाराचा ठिपका तीन पिक्सेलांत बसवायचा झाला तर तो ठिपका राहत नाही, डाग होतो. म्हणून माझा नियम सोपा आहे: रोज मजकूर वाचायचा असेल तर १००च्या खाली जायचं नाही. २७ इंची १०८०पी तर नकोच, कितीही हर्ट्झ फुकट मिळोत. ३२ इंची १४४०पी घेणाऱ्यांनाही लक्षात येत नाही, की २४ इंची १०८०पीचंच दाणेदार अक्षर त्यांनी मोठ्या चौकटीत आणलं आहे.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. २७ इंची ४के घेतला म्हणजे टेबलावर चौपट जागा होते असं नाही. विंडोज त्यावर सहसा १५० टक्के स्केलिंग सुचवतं, म्हणजे सगळं दीडपट मोठं दाखवतं, आणि ते ठेवलं की जागा बरोबर २५६०×१४४० इतकीच उरते. मिळते ती धार. अक्षर छापल्यासारखं दिसतं, आणि दिवसभर वाचणाऱ्याला ते मोलाचंच आहे, पण तक्त्याचे जादा रकाने दिसतील अशा आशेने घेऊ नका.

३. ग्राफिक्स कार्डाला झेपेल का?

४केमध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, १४४०पीमध्ये ३७ लाख आणि १०८०पीमध्ये २१ लाख. कामाच्या वेळी या फरकाने काही बिघडत नाही, साधं कार्डही ४केवर तक्ते आणि ब्राउझर आरामात दाखवतं. गेममध्ये मात्र कार्डाला प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे एकेका चित्रासाठी, हे सगळे पिक्सेल रंगवावे लागतात. १०८०पीवरून ४केला गेलात की ओझं चौपट.

डीएलएसएस, एफएसआर, एक्सईएसएस ही तंत्रं कमी रिझोल्यूशनचं चित्र बनवून मोठं करतात आणि ४केवर बरीच सावरून घेतात. तरी कार्ड मधल्या ताकदीचं असेल, काम आणि गेम दोन्ही एकाच स्क्रीनवर असतील, तर २७ इंच आणि १४४०पी ही जोडी मी डोळे झाकून सुचवते. पाच जणांपैकी तिघांना मी तीच दिली. उरलेल्या दोघांपैकी एक फोटोचं काम करतो, त्याला ४के. दुसऱ्याने माझं ऐकलं नाही.

४. हर्ट्झ किती पुरे?

हर्ट्झ म्हणजे सेकंदाला स्क्रीन किती वेळा चित्र बदलते. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद राहतं, १४४ ला ६.९ आणि २४० ला ४.२. म्हणजे ६० वरून १४४ ला जाताना जवळजवळ १० मिलिसेकंद वाचले. १४४ वरून २४० ला जाताना त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पहिली उडी कुणालाही जाणवते, अगदी माउसचा बाण फिरवतानाही. दुसरी जाणवायला स्पर्धेच्या गेमची सवय लागते आणि तितक्या फ्रेम काढणारं कार्डही.

नुसत्या कामासाठीही १०० ते १४४ हर्ट्झ सुखद असतात. लांब पान सरकवताना अक्षरं विरघळत नाहीत, डोळा ओळ सोडत नाही.

कार्ड दर सेकंदाला सारख्याच फ्रेम देत नाही, म्हणून व्हीआरआर, म्हणजे गरजेप्रमाणे हर्ट्झ बदलण्याची सोय, हवंच. स्क्रीन कार्डाच्या तालावर चालते आणि चित्र मधोमध फाटल्यासारखं दिसत नाही. एनव्हिडियाचं जी-सिंक, एएमडीचं फ्रीसिंक ही त्याचीच नावं. २०१९ पासून एनव्हिडियाची बरीच कार्डं अॅडॅप्टिव्ह-सिंक (याच सोयीचं खुलं मानक) असलेल्या साध्या मॉनिटरवरही हे करतात, तेव्हा केवळ जी-सिंकच्या बिल्ल्यासाठी जादा पैसे मोजण्याआधी विचार करा.

५. पॅनेल: खरा निर्णय इथे आहे

*आयपीएस.* रंग चांगले, बाजूने पाहिलं तरी बदलत नाहीत, अक्षर स्वच्छ. काळा मात्र काळा नसतो. बहुतेक आयपीएसचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ, १०००:१ च्या आसपास. अंधाऱ्या खोलीत भुयारातला गेम खेळलात तर भुयार राखाडी दिसेल. काम जास्त आणि गेम कमी असेल तर हेच घ्या.

*व्हीए.* कॉन्ट्रास्ट ३०००:१ किंवा त्याहून वर, रात्रीचे सिनेमे मस्त दिसतात. दुखणं वेगळं आहे: गडद रंगातून दुसऱ्या गडद रंगात जायला त्याचे पिक्सेल आळशी असतात. काळ्या भिंतीपुढून माणूस पळाला की मागे शाई फासल्यासारखी सावली ओढत जाते. माझा ड्रॅगनवाला असाच होता. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं ठेवून काम करणाऱ्यांनी पान भराभर वर-खाली करून बघावं, तीच शाई तिथेही दिसते. सगळे व्हीए असे नाहीत, पण स्वस्तातला घेताना हे गृहीत धरा.

*टीएन.* वेगवान, पण मान जरा हलली की रंग बदलतात. आता याच्या वाटेला जायचं फारसं कारण उरलेलं नाही.

*ओलेड.* प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, म्हणून काळा म्हणजे खरोखर बंद. हालचालही इतकी स्वच्छ, की पहिल्यांदा बघताना माझ्या तोंडून 'अगं बाई' निघालं. गेमपुरतं बोलायचं तर याला तोड नाही. कामासाठी मात्र दोन गोष्टी तपासा. पहिली, बऱ्याच ओलेडमध्ये लाल-हिरव्या-निळ्या उपपिक्सेलांची मांडणी नेहमीच्या ओळीसारखी नसते. विंडोजचं क्लिअरटाइप ती ओळ गृहीत धरून अक्षर कोरतं, त्यामुळे अक्षरांच्या कडांना हिरवट-जांभळी किनार येते. १६० च्या पुढच्या पीपीआयला ती फारशी खुपत नाही, ११० च्या आसपास खुपते. दुसरी, बर्न-इन. टास्कबार, तक्त्याच्या रेघा, एडिटरची पट्टी अशा रोज आठ-आठ तास एकाच जागी बसणाऱ्या गोष्टींचे ठसे काळाने पॅनेलवर राहू शकतात. टास्कबार आपोआप लपेल असा ठेवा, काही मिनिटांत स्क्रीन बंद होऊ द्या, आणि रात्री भिंतीवरचा स्विच बंद करू नका. पॅनेलची आतली साफसफाई मॉनिटर स्टँडबायमध्ये असतानाच चालते. वॉरंटीत बर्न-इन धरलेलं आहे का, तेही आधी वाचा.

मी आज आयपीएसवर आहे. ओलेडची हाव सुटलेली नाही.

६. पोर्ट आणि केबल: पैसे इथेच वाया जातात

एचडीएमआय २.० वरून ४के फक्त ६० हर्ट्झपर्यंत जातं. १४४०पी त्यावरून १४४ ला चालतं. डिस्प्लेपोर्ट १.४ वरून ४के १२० पर्यंत थेट जातं, त्यापुढे डीएससी नावाचं कॉम्प्रेशन मदतीला येतं. गेमिंग कन्सोल जोडायचा असेल तर डिस्प्लेपोर्टचा उपयोग नाही, ४के १२० साठी एचडीएमआय २.१ लागतं.

आणि इथेच सापळा. खोक्यावर 'एचडीएमआय २.१' लिहिलं म्हणजे पूर्ण ४८ गिगाबिटचा वेग मिळेलच असं नाही. त्यातल्या बऱ्याच सुविधा ऐच्छिक आहेत, त्यामुळे २.० इतक्याच क्षमतेचं पोर्टही २.१ म्हणून विकलं जाऊ शकतं. आवृत्तीचा आकडा सोडा. 'एचडीएमआयवरून कमाल किती रिझोल्यूशन, किती हर्ट्झ' ही ओळ तांत्रिक पत्रकात शोधा.

लॅपटॉपवाल्यांनी यूएसबी-सी नीट तपासावं. प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र जात नाही. 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' असा उल्लेख हवा. मॉनिटर त्याच केबलने लॅपटॉप चार्ज करणार असेल तर किती वॅट देतो ते तुमच्या चार्जरशी ताडून बघा. ६५ वॅटवर ऑफिसचा लॅपटॉप निभावतो, गेमिंगचा नाही.

७. खोक्यावर वाचून सोडून द्यायच्या गोष्टी

'१ मिलिसेकंद रिस्पॉन्स टाइम', म्हणजे पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ: तो सहसा सगळ्यात आक्रमक ओव्हरड्राइव्हवर (पिक्सेलला घाई करायला लावणारं सेटिंग) मोजलेला असतो. ते सेटिंग लावलं की हलत्या वस्तूमागे उलट्या रंगाची कडा उमटते. मधलं सेटिंग लावा आणि आकडा विसरा.

'डिस्प्लेएचडीआर ४००': ४०० निट्सची (निट हे उजेडाचं माप) कमाल उजळता ही या पायरीची मुख्य अट, स्क्रीनचे भाग वेगवेगळे उजळ-मंद करण्याची सक्ती तिथे नाही. एचडीआरने उजळ आणि गडद यांतला फरक वाढायला हवा, पण साध्या एलसीडीवर अशा एचडीआरने काळाही उजळतो आणि सगळं चित्र फिकं पडतं. या बिल्ल्यासाठी एक पैसाही जादा देऊ नका. ओलेडच्या खोक्यावर 'ट्रू ब्लॅक' असं वेगळं मानक असतं, त्याची गोष्ट निराळी.

लाखोंच्या घरातला 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट': हसून पुढे जा.

८. स्टँड

उंची वर-खाली होते का, एवढं पाहा. स्क्रीनची वरची कड डोळ्याच्या रेषेत किंवा किंचित खाली यायला हवी. होत नसेल तर मागे १००×१०० मिलिमीटरची वेसा भोकं आहेत ना ते बघा, म्हणजे पुढे टेबलाला जोडायचा हलता हात, आर्म, लावता येईल. माझा ड्रॅगन सहा महिने दोन जाडजूड शब्दकोशांवर उभा होता.

९. एक मोठा की दोन छोटे?

३४ इंची अल्ट्रावाइड ऐकायला प्रचंड वाटतो, पण ३४४०×१४४० च्या ३४ इंचीची उंची साधारण २७ इंचीएवढीच असते, फक्त रुंदी ६० ऐवजी ८० सेंटिमीटर. तक्ते आणि व्हिडिओ संपादनाला झकास. काही गेम मात्र दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडतात. वक्र स्क्रीन या रुंदीला शोभते; २७ इंचीला तिची गरज नाही, आणि नकाशे-आराखडे काढणाऱ्यांना सरळ रेघ वाकडी दिसते ती वेगळीच.

बजेट आखडतं असेल तर माझा सल्ला: मुख्य मॉनिटर चांगला घ्या आणि जुना बाजूला उभा करून ठेवा. ईमेल, गाणी, गप्पा त्याच्यावर ढकला.

१०. घरी आल्यावर, पहिल्याच संध्याकाळी

केबल ग्राफिक्स कार्डात लावा, मदरबोर्डच्या पोर्टात नाही. डेस्कटॉपच्या मागे दोन्ही पोर्ट दिसतात. आडव्या पट्टीतलं, खालच्या बाजूचं सहसा कार्डाचं असतं.

मग सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे तेच हर्ट्झ, बघा. विंडोज बरेचदा नवा मॉनिटर ६० हर्ट्झवरच चालवतं. माझ्या १६५ हर्ट्झच्या ड्रॅगनवर मी पाच महिने ६० हर्ट्झ खेळले, आणि वर मैत्रिणीला सांगितलं की 'फरक कळतो गं'.

एचडीएमआयवर काळा रंग धुतल्यासारखा वाटला तर कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आउटपुट रेंज 'लिमिटेड' आहे का पाहा, ती 'फुल' करा. रंगीत अक्षरांच्या कडा विस्कटलेल्या दिसल्या तर तिथेच रंगाचा प्रकार '४:२:२' किंवा '४:२:०' झाला असेल, 'आरजीबी' निवडा.

ब्राइटनेस कारखान्यातून फार जास्त येतो. पांढरं पान उघडा, शेजारी खरा कागद धरा आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत कमी करत जा.

आता तपासणी. पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पडदे एकेक करून उघडा आणि मेलेले पिक्सेल शोधा. एक-दोन पिक्सेलवर बऱ्याच कंपन्या मॉनिटर बदलून देत नाहीत, विक्रेता मात्र परतीच्या मुदतीत घेऊ शकतो. काळ्या पडद्यावर कोपऱ्यात उजेड दिसला तर डोकं हलवा: उजेडही हलला तर ती आयपीएसची नेहमीची चमक, जागचा हलला नाही तर बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, गळतोय.

शेवटी ब्राइटनेस २० टक्क्यांवर आणून पांढऱ्या पडद्यापुढे पेन्सिल पंख्यासारखी जोरात हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक. एकाऐवजी दहा सुट्या पेन्सिली दिसल्या, तर बॅकलाइट लुकलुकतोय आणि ज्यांना डोकेदुखीचा त्रास आहे त्यांनी तो मॉनिटर परत करावा.

हे सगळं होईपर्यंत खोका, आतला थर्माकोल आणि स्टँडचे स्क्रू यांतलं काही टाकू नका. स्क्रू एका पाकिटात घालून खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. परत पाठवायची वेळ आली की नेमके तेच सापडत नाहीत.